उजेडाची वाटणी : रित्सुरिनच्या पाइनवृक्षांचं रसग्रहण

जपानमधल्या ताकामात्सु शहरात रित्सुरिन नावाची बाग आहे. तिथल्या एका वाटेच्या कडेनं पाइनची एक रांग जाते. लांबून पाहिलं, तर हिरव्या पेट्या ओळीनं मांडल्यासारख्या दिसतात. माथा सपाट, कडा नेटक्या. या झाडांना तिथे 'हाकोमात्सू' म्हणतात, म्हणजे पेटीपाइन. ज्यानं कुंपणाची मेंदी कात्रीनं एकसारखी भादरलेली पाहिली आहे, त्याला हे काम ओळखीचं वाटेल आणि तो पुढे जाईल. पण तिथे थांबावं, थोडं वाकावं आणि पेटीच्या आत पाहावं. आत सरळ असं काहीच नाही. काळ्या खवल्यांच्या सालीच्या फांद्या वळसे घेत, मागे फिरत, एकमेकींना चुकवत गेलेल्या आहेत, आणि त्यांतलं प्रत्येक वळण स्पष्ट दिसतं, कारण आत उजेड आहे.

मेंदीच्या भादरलेल्या कुंपणात हात घातला, तर वरचा वीतभर थर तेवढा हिरवा असतो. आत अंधार आणि वाळक्या काटक्या. हाकोमात्सूच्या आत मात्र जिवंत डहाळ्या आहेत, आणि त्यांच्यावर सुया आहेत. एकाच प्रकारच्या दिसणाऱ्या या दोन आकारांमधला हा फरक छाटणीतला आहे. रित्सुरिनची झाडं पुन्हा पुन्हा पाहावीत ती यासाठी. छाटणी म्हणजे झाडातल्या उजेडाची वाटणी, आणि आपल्याला दिसतो तो आकार म्हणजे त्या वाटणीचा हिशेब, हे ती झाडं डोळ्यांना दाखवून देतात.

बागेची पार्श्वभूमी थोडक्यात. ताकामात्सु हे शिकोकू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं शहर. १६२५च्या सुमारास इकोमा घराण्याच्या सरदारांनी इथे बाग आखायला घेतली. १६४२मध्ये हा मुलूख मात्सुदाइरा घराण्याकडे आला आणि पुढच्या सरदारांनी शंभर वर्षं ते काम चालू ठेवलं. १७४५मध्ये बाग पूर्ण झाली असं मानतात. १८७५मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि १९५३मध्ये जपान सरकारनं तिला विशेष निसर्गरम्य स्थळाचा दर्जा दिला. सहा तळी, तेरा छोट्या टेकड्या आणि पश्चिमेला शियुन डोंगराची हिरवी भिंत, असा तिचा विस्तार. बागेत सुमारे १,४०० पाइन आहेत आणि त्यांतल्या सुमारे १,००० झाडांची निगा माळी स्वतःच्या हातांनी राखतात. हजार झाडं, आणि प्रत्येक झाडाच्या प्रत्येक टोकाशी कुणाची तरी बोटं पोचतात. या बागेचं वैभव मोजायचं, तर या आकड्यानं मोजावं.

या कामाची गरज पाइनच्या स्वभावातून येते. आपला आंबा जाड फांदीवर करवत चालवली तरी जुन्या लाकडातून फुटतो. म्हणूनच कोकणातल्या म्हाताऱ्या, उंच गेलेल्या हापूसच्या बागा छाटून पुन्हा तरुण करता येतात. पाइनला ही मुभा नाही. जिथे सुया आहेत किंवा अलीकडेपर्यंत होत्या, तिथेच नवा डोळा फुटायची आशा. एकदा फांदीचा आतला भाग उघडा पडला, की तिथे पुन्हा हिरवं येत नाही. पाइनला मोकळं सोडलं, तर वरची टोकं जोमानं वाढतात, खालच्यांवर सावली धरतात, सावलीतल्या डहाळ्या वाळतात आणि हिरवा भाग वर्षागणिक खोडापासून दूर सरकत जातो. रानातल्या झाडाला त्याचं काही वाटत नाही. त्याला उंच जायचंच असतं. बागेतलं झाड मात्र शतकभर त्याच उंचीत, त्याच घेरात ठेवायचं, तर आतल्या क्षीण डहाळ्या जगल्या पाहिजेत, कारण उद्याची फांदी त्यांच्यातूनच येणार. म्हणून जपानी माळी वर्षातून दोनदा शिडी चढतो.

पहिली वेळ वसंतातली. काळ्या पाइनच्या, म्हणजे कुरोमात्सूच्या प्रत्येक टोकाशी एप्रिल-मेमध्ये फिकट, उभे कोंब निघतात. एका जागी तीन, चार, कधी पाचही. त्यांच्यावरच्या सुया अजून मिटलेल्या असतात. कोंब खुडण्याच्या या कामाला 'मिदोरित्सुमी' म्हणतात. हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. झुपक्यातला मधला कोंब सर्वांत जाड आणि लांब असतो. तो आधी जातो, पार बुडापासून. उरलेल्यांतून दोन निवडायचे, एक डावीकडे जाणारा, एक उजवीकडे. सरळ वर जाणारा नको, खाली झुकणारा नको. मग ते दोन चिमटीत धरून वाकवायचे, की ते टचकन मोडतात. कात्री इथे वापरत नाहीत, कारण कोवळ्या कोंबावर कात्री चालली, तर मिटलेल्या सुयांची टोकंही कापली जातात आणि त्या उलगडल्यावर टोकं तपकिरी दिसतात. बोटानं मोडलेला कोंब असा डाग ठेवत नाही.

किती मोडायचा, या प्रश्नात खरं मर्म आहे. सगळीकडे सारखा मोडला, तर काम सोपं झालं असतं. पण झाडाच्या शेंड्याकडचा कोंब जवळजवळ सगळा काढतात, मधल्या थरातला निम्मा ठेवतात आणि खालच्या, सावलीतल्या फांदीवरच्या अशक्त कोंबाला बहुधा हातच लावत नाहीत. बलवानाकडून जास्त घ्यायचं, दुबळ्याकडे राहू द्यायचं. यामागे झाडाची शरीरक्रिया आहे. शेंड्याच्या डोळ्यांत तयार होणारं संप्रेरक खालच्या डोळ्यांची वाढ रोखून धरतं, शिवाय ऊनही आधी शेंड्याला मिळतं. म्हणजे निसर्गात वरच्याला दुहेरी फायदा. माळी बोटांनी तो फायदा दरवर्षी थोडा मागे घेतो आणि खालच्या फांदीला वाढायला अवसर देतो. झाडाची एकूण ताकद तीच राहते; ती कुठे खर्च व्हावी, एवढंच बदलतं.

दुसरी वेळ शरद सरताना आणि हिवाळ्यात. या कामाला 'मोमिआगे' म्हणतात. पाइनच्या सुया दोन-तीन वर्षं टिकतात, त्यामुळे एकाच डहाळीवर टोकाशी यंदाच्या आणि मागे गेल्या वर्षीच्या सुया असतात. माळी जुन्या सुया हातानं उपटून काढतो, यंदाच्या ठेवतो, आणि गर्दीच्या जागच्या डहाळ्या कात्रीनं विरळ करतो. राळेनं बोटं काळी पडतात. त्याची शिडी तीन पायांची असते. दोन पाय पायऱ्यांच्या बाजूचे आणि तिसरा एकटा लांब पाय, जो फांद्यांच्या फटीतून आत सरकवून उतारावरही टेकवता येतो. त्यामुळे झाडाला टेकू न देता माळी झाडाच्या अगदी पोटाशी उभा राहू शकतो. एका मोठ्या झाडाला असे कित्येक तास लागतात. काम संपल्यावर खाली उभं राहून वर पाहिलं, की सुयांच्या जाळीतून आभाळ दिसतं आणि हिवाळ्याचं तिरपं ऊन सर्वांत आतल्या डहाळीपर्यंत पोचलेलं असतं. हाकोमात्सूच्या आत दिसलेला उजेड अशा कामातून येतो.

ही गोष्ट महाराष्ट्रात कुणाला पटकन कळेल, तर नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला. एप्रिलची खरड छाटणी झाली, की तो फुटींची विरळणी करतो, शेंडा मारतो, काड्या तारेवर पसरून बांधतो. त्या दिवसांत वेलीवर घड नसतो. पण काडीवरच्या डोळ्यात घडाची सूक्ष्म घडण चाललेली असते आणि ती होण्यासाठी डोळ्यावर ऊन पडावं लागतं. दाट पसाऱ्याखाली किंवा ढगाळ हवेत ते ऊन कमी पडलं, तर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फुटीला घड कमी निघतात. म्हणजे खरड छाटणीतही कात्रीचं काम उजेड डोळ्यापर्यंत नेण्याचं. द्राक्षाच्या मळ्यात या वाटणीचं फळ टोपलीत मोजता येतं. रित्सुरिनमध्ये ते डोळ्यांनी पाहायचं असतं.

ते पाहायला सर्वांत योग्य झाड म्हणजे बागेतला 'त्सुरुकामे-मात्सू', क्रौंच आणि कासवाचा पाइन. ११० दगड रचून कासवाचा आकार केला आहे आणि त्याच्या पाठीवर काळा पाइन पंख पसरलेल्या क्रौंचासारखा उभा आहे. जपानी समजुतीत हे दोन्ही जीव दीर्घायुष्याचे. नाव माहीत असलं, की पाहणारा पक्षी शोधायला लागतो आणि सापडला की समाधान मानतो. नाव क्षणभर बाजूला ठेवून झाड नुसतं पाहिलं, तर त्याची खरी रचना दिसते. फांद्या थराथरांनी पसरल्या आहेत. प्रत्येक थराची वरची बाजू हलकी उंचवट्याची. खालची बाजू मात्र स्वच्छ, एका रेषेत, कारण खाली वळणारा प्रत्येक कोंब वेळच्या वेळी काढलेला असतो. दोन थरांच्या मध्ये मोकळी जागा. त्या जागेतून मागचं आभाळ दिसतं, खोडाचं वळण दिसतं, आणि नजर एका थरावरून दुसऱ्यावर उतरत येते. चित्र म्हणून पाहिलं, तर ही रिकामी जागा म्हणजे रचनेचा प्राण. झाड म्हणून पाहिलं, तर ती खालच्या थराला ऊन पोचण्याची वाट आहे. सौंदर्यासाठी एक गोष्ट आणि आरोग्यासाठी दुसरी, असं इथे करावं लागलेलं नाही. ती फट बुजली तर चित्रही बिघडेल आणि खालची फांदीही वाळेल. या झाडाचं देखणेपण इतकं निःशंक वाटतं, ते यामुळे.

या आकारात आणखी एक अर्थ आहे, वयाचा. पाइनचं तरुण झाड शंकूसारखं, टोकदार असतं आणि त्याच्या फांद्या वरच्या दिशेनं निघतात. वय होतं तसा शेंड्याचा जोर ओसरतो, माथा पसरट होतो, आणि वर्षानुवर्षांच्या भारानं खालच्या फांद्या आडव्या होतात. कुरोमात्सू हा किनाऱ्यावरचा वृक्ष. खारा वारा सोसतो आणि त्या वाऱ्यानं एका अंगाला झुकतो. ताकामात्सु ज्या सेतो समुद्राच्या काठी आहे, तिथे असे पाइन पिढ्यान् पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. माळी फांदी आडवी आणतो, बांबूची काठी आणि माडवर्गातल्या झाडाच्या धाग्याची दोरी बांधून तिला वळण देतो, शेंडा आवरतो, तेव्हा वारा आणि काळ यांनी जे केलं असतं तेच तो करत असतो. कुठलाही परका आकार झाडावर लादलेला नाही. म्हातारपणी हा वृक्ष जसा होतो, तसाच तो दाखवला आहे. म्हणून या बागेतल्या झाडांसमोर उभं राहिलं, की आदर वाटतो.

तिसरं झाड मात्र उलट दिशेनं बोलतं. 'नेआगारी गोयोमात्सू' हा पाच-पाच सुयांच्या झुपक्यांचा पाइन आहे आणि त्याची मुळं जमिनीवर उचलून आलेली आहेत. १८३३मध्ये शोगून, म्हणजे जपानचे तेव्हाचे लष्करी शासक, तोकुगावा इएनारी यांनी मात्सुदाइरा घराण्याच्या नवव्या सरदाराला, योरिहिरो यांना, एक बोन्साय भेट दिला. तो पुढे जमिनीत लावला गेला. आज त्याची उंची सुमारे ८ मीटर आहे. कुंडीतलं झाड लहान असतं ते बीज लहान असतं म्हणून नव्हे. मुळांना जागा मोजकी दिलेली असते आणि कोंब दरवर्षी खुडलेले असतात. दोन्ही बंधनं सैल झाली, की तेच झाड माणसाच्या चौपट-पाचपट उंच होतं. ताकामात्सुच्या किनाशी आणि कोकुबुंजी या भागांत जपानमधले सुमारे ८० टक्के पाइन बोन्साय तयार होतात. त्यामुळे इथल्या माणसाला दोन्ही टोकं ठाऊक आहेत. छोटं ठेवणं आणि मोठं होऊ देणं, दोन्ही हातांचेच निर्णय, आणि दोन्हींची जबाबदारीही हातांचीच. हे झाड पाहताना ती जबाबदारी जाणवते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. झाडाला असं वळवणं, दरवर्षी खुडणं, ही जबरदस्ती नाही का? प्रत्येक सुई झाडासाठी अन्न तयार करते. ती काढली की झाडाचं तेवढं उत्पन्न गेलं. वाढ रोखायला म्हणून भरमसाट कापलं, तर झाड खंगतं, आणि पाइन तर मरूही शकतो. म्हणूनच चांगला माळी जिथे शिल्लक आहे तिथूनच घेतो आणि दोन कामांच्या मध्ये झाडाला सावरायला एक अख्खा ऋतू देतो. शतकानुशतकं ही झाडं जोमदार उभी आहेत, हा त्याच्या बाजूचा पुरावा. तरी या कलेची किंमत मोठी आहे हे मान्य केलं पाहिजे. ती एकदा सुरू केली, की थांबवता येत नाही. काही वर्षं हात फिरला नाही, तर फटी बुजतात, आतल्या डहाळ्या मरतात आणि आकार कायमचा जातो. रस्त्याकडेच्या हजारो झाडांना ही रीत लावणं शक्य नाही, आणि लावूही नये. त्या रीतीमागचा विचार मात्र कुठल्याही झाडाला लागू पडतो.

आपल्या रस्त्यांवर पावसाळ्याआधी छाटणी होते, तेव्हा काम मोठ्या फांद्यांचं असतं. इथे कापाची जागा महत्त्वाची. फांदी खोडाला मिळते तिथे बुडाशी एक फुगीर कडा असते. अमेरिकी वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवून दिलं, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड दुखावलेल्या लाकडाभोवती आतून भिंती घालतं, कूज तिथेच कोंडतं आणि बाहेरून नव्या लाकडानं जखम झाकतं. त्या फुगीर कडेत ही भिंत घालण्याची तयारी असते. म्हणून काप कडेच्या लगेच बाहेर हवा. खोडाला चिकटून कापलं तर ती कडाच जाते. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो आणि जखम झाकू देत नाही. जड फांदी तीन कापांत उतरवतात: आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडा, मग त्याच्या जरा पुढे वरून आरपार, आणि ओझं गेल्यावर तिसरा, कडेलगतचा. पहिला काप नसेल, तर फांदी पडताना खोडाची साल ओरबाडत नेते. जखमेवर डांबर किंवा रंग फासल्यानं आतली कूज थांबत नाही.

फांदीची निवड चुकली, तर नेमका कापही झाड वाचवत नाही. रेन ट्रीचा किंवा गुलमोहराचा शेंडा सरसकट उडवला, की त्या जागी उभ्या पाणसोटांचा झाडोरा फुटतो. ते वरवर चिकटलेले असतात, भराभर वाढतात आणि काही वर्षांनी वाऱ्यात तेच आधी मोडतात. सावलीत वाढलेल्या सालीवर एकदम ऊन पडलं तर ती भाजते. दुसरी चूक दिसायला सौम्य, पण तितकीच घातक: 'आतून साफ' करायचं म्हणून फांदीवरच्या सगळ्या बारीक डहाळ्या काढायच्या आणि टोकाशी तेवढा झुपका ठेवायचा. मग सगळं वजन टोकाला जातं आणि फांदी तिथे झोके खात मोडते. आत उजेड आला, पण तो घ्यायला तिथे पानच उरलं नाही. मोमिआगे करणारा माळी जुन्या सुया काढतो, आतली डहाळी जपतो. वाटणी आणि लूट यांत फरक आहे तो एवढाच.

ही नजर तयार करायला जपानला जावं लागत नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे, आणि ओकायामा हे ताकामात्सुच्या समोरच्या किनाऱ्यावरचं शहर. तिथे टेकडी, पाणी आणि मोकळी जागा यांची मांडणी निवांत पाहता येते. पण खरा सराव आपल्या गल्लीतल्या झाडावर. छाटणी झाली, की त्याच्याखाली उभं राहून तीन गोष्टी पाहाव्यात: आतल्या भागात पानं शिल्लक आहेत का आणि त्यांच्यावर ऊन येतंय का, जास्त घेतलंय ते जोमदार फांद्यांकडून की दुबळ्यांकडून, आणि कापाच्या जागी ती फुगीर कडा शाबूत आहे का. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करायची वेळ आली, तर 'झाड कमी करा' एवढंच लिहून देऊ नये. कोणती फांदी, कुठपर्यंत आणि कशासाठी, हे लिहावं, आणि काम चालू असताना तिथे उभं राहावं. रित्सुरिनच्या हजार झाडांमागे प्रत्येक टोकाजवळ थांबून घेतलेला एक छोटा निर्णय आहे. आपल्या दारातल्या झाडासाठी वर्षातून एकदा असा निर्णय विचारपूर्वक घेणं आपल्या हातात आहे, आणि त्या झाडाचा तेवढा हक्क आहे.